गिव्ह हिम, कॉल हिम, मेक हिम: सर्वनामाच्या मागून नाम येणारी इंग्रजी वाक्यं कशी बांधायची

'आय मेड हिम अ चेअर' आणि 'आय मेड हिम अ स्टार'. दोन्ही वाक्यांचा सांगाडा अगदी एक, तेच मेड, तेच हिम, मग अ आणि एक नाम. पण पहिल्यात त्याला बसायला खुर्ची मिळाली आणि दुसऱ्यात तो स्वतःच स्टार झाला. इंग्रजीत ह्या फरकाची वर कुठे खूण नाही, शब्दाला प्रत्यय लागत नाही की क्रम बदलत नाही, ऐकणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. नवीन शिकणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो आणि मग टू लावायचा का नाही, अ‍ॅज घालायचा का नाही, पॅसिव्ह करताना काय पुढे आणायचं, सगळंच अंदाजपंचे.

आपल्याकडे मात्र ह्यावर एक फुकटची चाचणी आहे आणि ती आपण शाळेत शिकून, मार्क मिळवून, विसरून गेलेलो असतो. कर्मणी प्रयोग आणि भावे प्रयोग. आधी तीच बघू, बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं.

पायरी १: वाक्य मराठीत करा, पण भूतकाळात

भूतकाळातच का, कारण 'मी त्याला खुर्ची बनवतो' ह्यात काही कळत नाही, क्रियापद 'मी' प्रमाणे चालतं. भूतकाळात 'मी' गप्प होतो आणि क्रियापद दुसरा कोणीतरी शोधतं. आता हे बघा:

मी त्याला खुर्ची बनवली.
मी त्याला स्टार बनवलं.

पहिल्यात क्रियापद खुर्चीप्रमाणे बदललं, स्त्रीलिंगी झालं, म्हणजे कर्मणी. खुर्ची ही वेगळी वस्तू, 'तो' वेगळा माणूस, वस्तू माणसाकडे गेली. दुसऱ्यात क्रियापद कोणाकडेच बघत नाही, 'बनवलं' वर अडकून बसतं, म्हणजे भावे. तिथे दुसरी वस्तू नाहीच, 'त्याला' आणि 'स्टार' ही एकाच माणसाची दोन नावं आहेत. आणि समजा कोणी म्हणालं 'मी त्याला खुर्ची बनवलं', तर एका मात्रेच्या फरकाने तो माणूस जादूगार ठरतो, समोरच्याची खुर्ची करून टाकली त्याने.

तर दोन गट झाले. मराठीत कर्मणी येणारा तो गिव्ह गट, ज्याला शाळेत द्विकर्मक म्हणायचे. भावे येणारा तो कॉल गट, तिथे दुसरं नाम कर्म नाही, कर्माचं पूरक आहे. आणखी जोड्या करून कान तयार करा. 'मी त्याला वही दिली', कर्मणी. 'मी त्याला चोर म्हटलं', भावे. 'तिने मला जागा दाखवली', कर्मणी. 'त्यांनी तिला अध्यक्ष निवडलं', भावे.

चाचणी कुठे फसते तेही सांगतो. दुसरं नाम नपुंसकलिंगी असेल तर 'मी त्याला पुस्तक दिलं' आणि 'मी त्याला चोर म्हटलं' ह्यात शेवट सारखाच दिसतो, अशा वेळी पुस्तक काढून वही घाला, लगेच उघडं पडेल. दुसरं, 'म्हणालो' आणि 'समजलो' ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात, त्यांच्याऐवजी 'म्हटलं', 'मानलं' घ्या. आणि तिसरं म्हणजे आपण बोलताना सरळ 'त्याला कॅप्टन केला' असंही म्हणून टाकतो, तेव्हा व्याकरणाचं पुस्तक बाजूला राहतं. अशी शंका आली की इंग्रजीतली चाचणी वापरा, हिमचा ही करा आणि मध्ये इज घाला. 'ही इज अ स्टार' जमतं, 'ही इज अ चेअर' जमत नाही. जमलं की कॉल गट. ही चाचणी जास्त पक्की आहे, पण बोलता बोलता मनात करायला मराठीवाली सोपी पडते असं माझं मत.

पायरी २: सर्वनामाचं रूप, आणि टूचा मोह

क्रियापदाच्या मागे मी, हिम, हर, अस, देम हीच रूपं येतात, यू आणि इट बदलत नाहीत. एकटं सर्वनाम असेल तर कोणी चुकत नाही, 'गिव्ह आय' कोणी म्हणत नाही. पण जोडी आली की लोक एकदम सभ्य व्हायला बघतात आणि 'ही गेव्ह माय सिस्टर अँड आय अ रूम' म्हणतात. सिस्टरला झाकून वाचा, 'ही गेव्ह आय अ रूम'. म्हणजे 'माय सिस्टर अँड मी' हवं.

खरी अडचण टूची. आपल्या डोक्यात 'मला' म्हणजे 'टू मी' असं बसलेलं असतं म्हणून 'गिव्ह टू मी द फाइल', 'टेल टू हिम', 'आस्क टू हर' अशी वाक्यं तोंडातून येतात. क्रियापदाला सर्वनाम थेट चिकटलं की टू नको. 'गिव्ह मी द फाइल', 'टेल हिम', 'आस्क हर'. ह्यामागे थोडा इतिहास आहे आणि तो माहीत असला की नियम पाठ करावा लागत नाही. जुन्या इंग्रजीत 'त्यास मारलं' वाल्या कर्माचं रूप वेगळं होतं, हिने, आणि 'त्याला दिलं' वाल्याचं वेगळं, हिम. पुढे हिने गळून गेलं आणि हिमने दोन्ही कामं उचलली. हरचंही तसंच, आणि देम तर नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांच्या भाषेतून आलं, तेही तिकडचं 'त्यांना' वालंच रूप. म्हणजे हिम, हर, देम ह्यांच्या पोटात 'ला' आधीच आहे, वर टू लावणं म्हणजे 'त्यालाला' म्हणण्यासारखं.

प्रत्यय गेले तसा सगळा भार शब्दांच्या क्रमावर पडला. म्हणूनच इंग्रजीत पुढची पायरी फार महत्त्वाची आहे आणि मराठीत तिला फारसा अर्थ नाही, आपण 'वही दिली त्याला मी' असं कसंही फिरवू शकतो.

पायरी ३: क्रम

गिव्ह गटात दोनच क्रम आहेत. माणूस आधी, वस्तू नंतर, मध्ये काही नाही, ह्याला पुढे छोटा क्रम म्हणू: 'आय गेव्ह हिम अ नोटबुक'. किंवा वस्तू आधी, मग टू, मग माणूस: 'आय गेव्ह अ नोटबुक टू हिम'. दोन्ही बरोबर, पण सारखे नाहीत. इंग्रजीला जुनं, माहितीचं, छोटं आधी सांगायला आवडतं आणि नवीन, लांबलचक शेवटी. सर्वनाम म्हणजे तर माहितीचं आणि छोटं, दोन्ही, नाहीतर आपण सर्वनाम वापरलंच नसतं. म्हणून माणूस सर्वनामात असेल तर पहिला क्रम डोळे झाकून घ्या. 'आय सेंट अ नोटबुक टू हिम' ह्यात ऐकणाऱ्याला वाटतं की हिमवर जोर आहे, दुसऱ्या कोणाला नाही, त्यालाच पाठवली. तसं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

वस्तू जितकी लांब तितका पहिला क्रम पक्का. 'शी सेंट मी द रिपोर्ट यू वेअर लुकिंग फॉर यस्टर्डे'. ह्यात 'टू मी' शेवटी टाकून बघा, तिथपर्यंत पोचेपर्यंत ऐकणारा विसरलेला असतो की सेंट कोणाला.

आता दोन्हीकडे सर्वनाम आलं तर? 'ते मला दे'. इथे 'गिव्ह इट टू मी' म्हणा आणि मोकळे व्हा. 'गिव्ह मी इट' ऐकू येतं, इंग्लंडच्या काही भागात तर 'गिव्ह इट मी' पण म्हणतात, ते त्यांच्या तोंडी चूक नाही, पण शिकणाऱ्याने कशाला त्यात पडायचं. नियम एवढाच ठेवा की वस्तूच्या जागी इट किंवा देम असेल तर वस्तू आधी आणि मग टू. दॅट, धिस, वन, सम असेल तर मात्र काही अडत नाही, 'गिव्ह मी दॅट', 'सेंड मी वन', 'शो मी सम' सर्रास चालतं.

पायरी ४: टू का फॉर

क्रम उलटा केल्यावरच हा प्रश्न येतो. वस्तू आधीच आहे आणि फक्त पोचवायची आहे तर टू. गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, लेंड, ऑफर, पे, हँड, पास, ओ (म्हणजे देणं लागणं), प्रॉमिस, रीड, सेल. वस्तू आधी बनवायची, शोधायची, मिळवायची आहे आणि मग त्याच्याकडे जाणार आहे तर फॉर. मेक, बाय, फाइंड, गेट, बुक, बिल्ड, चूज, ऑर्डर, सेव्ह. मराठीत जिथे 'करून दिलं', 'आणून दिलं', 'शोधून दिलं' असं जोडक्रियापद सहज येतं तिथे बहुतेक वेळा फॉर बसतो. 'मी तिला बस शोधून दिली', 'आय फाउंड अ बस फॉर हर', आणि छोट्या क्रमात 'आय फाउंड हर अ बस'.

काही क्रियापदं दोन्हीकडे जातात आणि मग अर्थ बदलतो. 'आय रोट अ लेटर टू हर' म्हणजे पत्र तिला लिहिलं, 'आय रोट अ लेटर फॉर हर' म्हणजे बऱ्याचदा तिच्या वतीने लिहून दिलं, पाठवलं तिसऱ्यालाच. आणि 'आय रोट हर अ लेटर' म्हटलं की अर्थ पहिलाच, तिला लिहिलं.

फॉरवाल्या गटात एक अट आहे आणि आपण तिथे हमखास अडकतो. वस्तू शेवटी त्या माणसाकडे गेली पाहिजे. खुर्ची केली, त्याला मिळाली. तिकीट काढलं, तिला मिळालं. पण 'मला दार उघडून दे' ह्यात दार काही मला मिळत नाही, म्हणून 'ओपन मी द डोअर' म्हणता येत नाही, 'ओपन द डोअर फॉर मी' म्हणावं लागतं. तसंच 'माझी बॅग धर', 'मला हे निस्तरून दे', जिथे नुसती मदत आहे आणि हातात काही येत नाही तिथे छोटा क्रम बंद, फॉरच.

पायरी ५: ज्यांना छोटा क्रम चालतच नाही

'एक्स्प्लेन मी द प्रॉब्लेम', 'सजेस्ट मी अ बुक', 'से मी द ट्रुथ', 'डिस्क्राइब मी द प्लेस'. मराठीत ही सगळी 'मला' घेतात म्हणून आपल्याला ती गिव्हची भावंडं वाटतात, आणि कर्मणी-भावेची चाचणीही तसंच सांगते, 'त्याने मला अडचण समजावली', क्रियापद अडचणीप्रमाणे. पण इंग्रजीत ही क्रियापदं माणसाला थेट जवळ येऊ देत नाहीत. 'एक्स्प्लेन द प्रॉब्लेम टू मी', 'डिस्क्राइब द प्लेस टू मी'. ह्याच पंगतीत मेन्शन, रिपोर्ट, अनाउन्स, प्रपोज, इंट्रोड्यूस, डेमॉन्स्ट्रेट.

कारण विचाराल तर पूर्ण नाही पण बरंचसं देता येतं. गिव्ह, सेंड, टेल, शो ही इंग्रजीची घरची, छोटी, जुनी क्रियापदं. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, अनाउन्स ही लॅटिनकडून, बरीचशी फ्रेंचमार्गे आलेली, लांब आणि आघात मागे असलेली, त्यांना जुना क्रम लागलाच नाही. म्हणून लांबलचक, ऑफिशियल वाटणारं क्रियापद दिसलं की आधी टू धरून चाला. अपवाद आहेतच, प्रॉमिस आणि ऑफर बाहेरची असून चालतात, त्यांचा आघात पहिल्याच अक्षरावर पडतो, आणि असाइन तर तेही पाळत नाही. उलट से हे पक्कं घरचं असूनही 'से मी' होत नाही, ते काम टेल करतं. से म्हणजे शब्द, टेल म्हणजे माणूस, असं लक्षात ठेवा. 'ही सेड अ लाय टू मी' पेक्षा 'ही टोल्ड मी अ लाय'.

गंमत म्हणजे नवीन आलेली क्रियापदं बिनदिक्कत गिव्हच्या मागे जाऊन उभी राहतात. 'ईमेल मी द फाइल', 'टेक्स्ट मी द अ‍ॅड्रेस', 'व्हॉट्सअ‍ॅप मी द फोटो', कोणालाच खटकत नाही, कारण अर्थ सरळ पाठवण्याचा आहे.

सजेस्टबद्दल वेगळं सांगावं लागेल कारण हे सगळ्यात जास्त चुकतं. तिथे टू मी लावलं तरी वाक्य जरा जड होतं, बहुतेक वेळा माणूस सांगायची गरजच नसते. 'कॅन यू सजेस्ट अ गुड बुक?' एवढं पुरतं, विचारणारा तूच आहेस म्हटल्यावर तुलाच सुचवणार ना. रेकमेंडचंही असंच करा, 'रेकमेंड मी' म्हणणारे इंग्रजी भाषिक भेटतील पण सगळ्यांच्या कानाला ते बरं लागत नाही.

अजून एक उपगट, ज्यांना माणूस जवळ चालतो पण वस्तूला मध्ये शब्द लागतो. 'इन्फॉर्म मी ऑफ द डेट', 'रिमाइंड मी ऑफ द मीटिंग', 'सप्लाय देम विथ बुक्स', 'कंग्रॅच्युलेट हर ऑन द जॉब'. 'इन्फॉर्म मी द डेट' हे आपल्या ऑफिसच्या मेलमध्ये इतकं दिसतं की बरोबर वाटायला लागतं, पण नाही. सरळ 'टेल मी द डेट' लिहा, छोटं आहे आणि चुकायची भीती नाही. प्रोव्हाइडला 'प्रोव्हाइड हिम विथ अ रूम' ठेवा, अमेरिकेत विथ गाळलेलं दिसतं पण विथ सगळीकडे चालतो.

पायरी ६: ज्यांना फक्त छोटाच क्रम चालतो

ही वरच्याची उलट बाजू. 'इट टुक मी टू अवर्स', मला दोन तास लागले. 'इट कॉस्ट हर अ फॉर्च्यून', तिला खूप खर्च आला. 'दे फाइन्ड हिम अ लार्ज सम', 'आय विश यू अ लाँग लाइफ', 'आय एन्व्ही यू युअर पेशन्स'. ह्यांना उलटवून टू लावायला गेलात तर वाक्य मोडतं, 'इट कॉस्ट अ फॉर्च्यून टू हर' कोणी म्हणत नाही.

गिव्हचा एक प्रकारही ह्यातच येतो, जिथे खरं देणं-घेणं काही नसतं, गिव्ह नुसतं टेकायला असतं आणि खरं क्रियापद नामाच्या वेषात मागे बसलेलं असतं. 'गिव्ह इट अ ट्राय', 'गिव्ह मी अ कॉल', 'गिव्ह हर अ पुश', 'गिव्ह अस अ हँड'. 'गिव्ह अ ट्राय टू इट' नाही. मला ही वाक्यं शिकणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची वाटतात कारण बोलण्यात सतत लागतात आणि ह्यात चुकायला जागाच नाही, क्रम एकच.

आस्कला पण इथेच ठेवा. 'आस्क हिम अ क्वेश्चन'. 'आस्क अ क्वेश्चन टू हिम' आपल्याकडे फार चालतं, बाहेर खटकतं. आणि उसनं देण्याघेण्यात 'बॉरो मी युअर पेन' नाही, 'लेंड मी युअर पेन'. बॉरो म्हणजे घेणं, ते गिव्ह गटातलं नव्हेच.

पायरी ७: कॉल गट, अ‍ॅज आणि अ

इथे टू नाही, फॉर नाही, क्रम उलटवायचा नाही. 'दे कॉल्ड हिम अ लायर' एवढंच. मोह होतो तो अ‍ॅजचा, कारण मराठीतला 'म्हणून' डोक्यात असतो. 'पीपल कॉल इट अ‍ॅज अ मिरॅकल', चूक, कॉलला अ‍ॅज कधीच नाही, मेकलाही नाही. कन्सिडर, अपॉइंट, इलेक्ट ह्यांना अ‍ॅज लावला काय आणि नाही लावला काय, चालतं, कन्सिडरला नसलेला जास्त बरा दिसतो. रिगार्ड, ट्रीट, डिस्क्राइब, सी, व्ह्यू ह्यांना अ‍ॅज हवाच, 'आय रिगार्ड हिम अ फ्रेंड' अर्धवट राहतं, 'आय रिगार्ड हिम अ‍ॅज अ फ्रेंड' पूर्ण. म्हणजे कॉल, मेक एका टोकाला, रिगार्ड दुसऱ्या टोकाला आणि कन्सिडर मध्ये, ही तीन नावं लक्षात राहिली तरी खूप.

मग अ. 'कॉल्ड हिम लायर' नाही, 'अ लायर'. नाम मोजता येणारं आणि एकवचनी असेल तर अ सोडायचा नाही. पण एकाच माणसाला मिळणारं पद असेल तर अ जातो: 'दे इलेक्टेड हर प्रेसिडेंट', 'दे मेड हिम कॅप्टन'. विशेषण असेल तर अ येतच नाही: 'दे कॉल्ड हिम लेझी'. आणि नाव ठेवायचं असेल तर अर्थातच नुसतं नाव.

ह्या गटात इटचा एक वापर आहे तो नवशिक्यांना कोणी सांगत नाही आणि मग लिहिताना अडतं. 'थांबणं मला चूक वाटतं' हे इंग्रजीत 'आय कन्सिडर टू वेट अ मिस्टेक' होत नाही. 'टू वेट' हे लांब शेपूट मागे टाकायचं आणि त्याच्या जागेवर इट बसवायचा: 'आय कन्सिडर इट अ मिस्टेक टू वेट'. हा इट कशाकडेही बोट दाखवत नाही, नुसती जागा धरून बसतो. 'आय फाउंड इट अ प्लेझर टू वर्क विथ हर', 'शी मेड इट अ रूल नेव्हर टू बी लेट', सगळं ह्याच साच्यातलं. इट गाळलात की वाक्य लंगडं.

प्रश्न विचारताना मराठी कामाला येते. 'ह्याला काय म्हणतात', 'व्हॉट डू यू कॉल धिस?' युरोपातल्या बऱ्याच भाषांत इथे 'कसं' विचारतात म्हणून तिकडचे लोक हाऊ लावून चुकतात, आपण आपसूक बरोबर येतो.

पायरी ८: पॅसिव्ह

गिव्ह गटात पुढे कोणालाही आणता येतं. 'ही वॉज गिव्हन अ नोटबुक' किंवा 'अ नोटबुक वॉज गिव्हन टू हिम'. पहिलं जास्त नेहमीचं, आणि मराठी माणसाला तेच विचित्र वाटतं कारण आपण 'तो वही दिला गेला' म्हणत नाही. हिमचा ही झाला हे विसरू नका.

फॉरवाल्यांत वस्तू पुढे आणा, 'अ चेअर वॉज मेड फॉर हिम'. 'ही वॉज मेड अ चेअर' म्हटलंत तर परत जादूगार आला. कॉल गटात फक्त माणूस पुढे येतो, 'ही वॉज कॉल्ड अ लायर', कारण दुसरं कर्म तिथे नाहीच. आणि पाचव्या पायरीतल्या एक्स्प्लेनच्या पंगतीला माणूस पुढे आणता येत नाही, 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल्स' चूक, 'द रूल्स वेअर एक्स्प्लेन्ड टू मी', किंवा सरळ 'आय वॉज टोल्ड द रूल्स'.

पायरी ९: दोन अर्थांची वाक्यं

'कॉल मी अ टॅक्सी' ह्यावर 'बरं, तू टॅक्सी' हा इंग्रजीतला फार जुना पांचट विनोद आहे, आता तो का होतो ते तुम्हाला कळेल. 'आय फाउंड हिम अ गुड टीचर' तर विनोद नसताना दुहेरी आहे, मी त्याला चांगली शिक्षिका शोधून दिली, का मला तो चांगला शिक्षक वाटला? मराठीत हा घोळ होऊच शकत नाही. लिहिताना असं वाक्य आलं तर फॉर घालून मोकळे करा, 'आय फाउंड अ गुड टीचर फॉर हिम'. आणि हे बघा: 'शी मेड हिम अ गुड हजबंड' म्हणजे तिने त्याला चांगला नवरा बनवलं, पण 'शी मेड हिम अ गुड वाइफ' म्हणजे ती त्याला चांगली बायको ठरली. मेकचा हा तिसरा अर्थ, ठरणं, कर्मणीतही बसत नाही आणि भाव्यातही नाही. क्वचितच भेटतो, दचकू नका.

पायरी १०: शब्द टिपायची पद्धत

नवीन क्रियापद नुसतं अर्थासकट लिहून ठेवू नका. त्याच्यापुढे मी आणि एक वस्तू घालून अख्खा तुकडा लिहा. 'लेंड मी अ पेन', 'एक्स्प्लेन इट टू मी', 'कन्सिडर मी अ फ्रेंड'. तुकडा तोंडात बसला की नियम आठवावा लागत नाही.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा, साधी इंग्रजी-मराठी नको. तिच्यात क्रियापदाखाली 'समबडी समथिंग' लिहिलेलं असतं म्हणजे छोटा क्रम चालतो, 'समथिंग टू समबडी' असतं म्हणजे टू वाला चालतो, फक्त दुसरंच असेल तर ते एक्स्प्लेनच्या पंगतीतलं. काहींमध्ये 'दोन कर्म' असा शिक्काही असतो. ही सोय ए. एस. हॉर्नबी ह्यांच्यासारख्या लोकांमुळे आली, ते जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, शिकणारे कुठे अडतात ते रोज बघायचे, आणि 1942 मध्ये टोकियोत त्यांची जी डिक्शनरी निघाली तिच्यात क्रियापदाच्या अर्थासोबत त्याचा साचाही दिलेला होता.

आता हात चालवा. खालची वाक्यं आधी स्वतः करा, मग उत्तर बघा.

तिने आम्हाला जागा धरून ठेवली. (वस्तू मिळाली, फॉर गट.) 'शी सेव्ह्ड अस अ सीट.'
त्यांनी मला कॅप्टन केलं. (भावे, एकट्याचं पद.) 'दे मेड मी कॅप्टन.'
त्याने मला कल्पना समजावली. (कर्मणी असून टू.) 'ही एक्स्प्लेन्ड द आयडिया टू मी.'
फाइल? ती मी तिला पाठवली. (दोन्हीकडे सर्वनाम.) 'आय सेंट इट टू हर.'
मला तिथे पोचायला एक तास लागला. 'इट टुक मी अन अवर टू गेट देअर.'
लोक त्याला मूर्ख समजतात. (इथे कर्मणी-भावे कळत नाही, इज घालून बघा.) 'पीपल कन्सिडर हिम अ फूल.'
न विचारणं मला चूक वाटतं. 'आय कन्सिडर इट अ मिस्टेक नॉट टू आस्क.'
मला दोन प्रश्न विचारले गेले. 'आय वॉज आस्क्ड टू क्वेश्चन्स.' इथला टू म्हणजे दोन हा आकडा, घाबरून खोडू नका.